टीशक उत्तर देतात तेव्हा : आयरिश संसदेतील प्रश्नोत्तरे समजून घेण्याची आणि नोंदवण्याची रीत

आयर्लंडचे पंतप्रधान, म्हणजे टीशक, डॉल या कनिष्ठ सभागृहात विरोधी नेत्यांना उत्तर देतात आणि त्या उत्तराचा अर्ध्या मिनिटाचा तुकडा समाजमाध्यमांतून मराठी वाचकांपर्यंत येतो. वडिलांकडून मालवण तालुक्यातील वराड गावाशी नाते असलेले लिओ वराडकर २०१७ मध्ये टीशक झाले, तेव्हापासून या सभागृहाचे नाव मराठी वृत्तपत्रांतही अधूनमधून येऊ लागले. डब्लिन, कॉर्क किंवा लिमरिक येथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी घरभाडे, रुग्णालयातील प्रतीक्षा आणि पाळणाघराचा खर्च हे रोजचे विषय आहेत, आणि सभागृहातील बरीचशी खडाजंगी त्यांवरच होते. तरीही ही प्रश्नोत्तरे मराठीत सांगताना त्याच चुका पुन्हा पुन्हा होतात : प्रश्नाचा प्रकार ओळखला जात नाही, पूरक उत्तर गाळले जाते, आकडा कशाचा आहे हे पाहिले जात नाही आणि बोलणारी व्यक्ती त्या दिवशी कोणत्या पदावर होती हे तपासले जात नाही.

पुढील टप्पे ज्या क्रमाने दिले आहेत त्याच क्रमाने करावेत. उत्तर आधी ऐकून प्रश्न नंतर शोधणाऱ्याच्या हातून अर्थ निसटतो, कारण टीशकांचे उत्तर प्रश्नाशेजारी ठेवूनच जोखता येते.

पूर्वतयारी : बसण्याआधी हाताशी काय असावे

पहिली गोष्ट म्हणजे त्या सभागृहाची रचना. सध्याची ३४ वी डॉल २९ नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीतून आली असून तिच्यात ४३ मतदारसंघांतून आलेले १७४ सदस्य आहेत. सदस्याला टी.डी. म्हणतात आणि सभागृहात त्याचा उल्लेख ‘डेप्युटी’ असा होतो. फिआना फॉल आणि फिना गेल हे दोन मोठे पक्ष काही अपक्षांच्या साथीने सत्तेत आहेत. शिन फेन हा सर्वांत मोठा विरोधी पक्ष आहे, आणि मेरी लू मॅकडॉनल्ड त्याच्या नेत्या आहेत. लेबर, सोशल डेमोक्रॅट्स आणि त्यांहून लहान पक्ष व गट विरोधी बाकांवर आहेत. अध्यक्षपदाला क्यान कोर्ला म्हणतात. डिसेंबर २०२४ मध्ये व्हेरोना मर्फी या पदावर निवडून आल्या आणि हे पद भूषवणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या.

दुसरी गोष्ट म्हणजे पदांचा कालपट. हा एका कागदावर लिहून ठेवावा, कारण चुकीच्या मथळ्यांचे मूळ बहुतेक वेळा येथे असते. वराडकर जून २०१७ ते जून २०२० आणि पुन्हा डिसेंबर २०२२ ते एप्रिल २०२४ या काळात टीशक होते. मधल्या काळात ते टॉनिश्ता, म्हणजे उपपंतप्रधान होते. मिहॉल मार्टिन जून २०२० ते डिसेंबर २०२२ टीशक, नंतर टॉनिश्ता आणि जानेवारी २०२५ पासून पुन्हा टीशक झाले. सायमन हॅरिस एप्रिल २०२४ ते जानेवारी २०२५ टीशक होते. मार्टिन आज ज्या जागेवरून उत्तर देतात, त्या जागेकडे पाहून तेच २०११ ते २०२० पर्यंत प्रश्न विचारत होते, आणि त्यांपैकी २०१६ नंतरच्या काळात त्यांचा पक्ष बाहेरून सरकार टिकवूनही होता. जुनी चित्रफीत पाहताना हा पट समोर नसेल, तर प्रश्नकर्ता कोण आणि उत्तर देणारा कोण हेच उलटेपालटे होते.

तिसरी गोष्ट म्हणजे वेळ. डॉलची बैठक सामान्यतः मंगळवार ते गुरुवार भरते. पक्षनेत्यांच्या प्रश्नांची नेहमीची वेळ मंगळवारी दुपारी २ आणि बुधवार-गुरुवारी दुपारी १२ अशी राहिली आहे. तरीही त्या आठवड्याचा कार्यक्रम संसदेच्या संकेतस्थळावर पाहूनच बसावे. भारतीय वेळ हिवाळ्यात साडेपाच तास पुढे असते, तर मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेचार तास पुढे असते. म्हणजे डब्लिनची दुपारची २ वाजताची बैठक पुण्यात हिवाळ्यात साडेसातला आणि उन्हाळ्यात साडेसहाला दिसते.

> तपासणी : आज सभागृह खरोखर भरणार आहे का? उन्हाळ्यात जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत, तसेच नाताळ, ईस्टर आणि सेंट पॅट्रिक दिनाच्या सुमारास सुट्टी असते. त्या काळात ‘आज संसदेत’ म्हणून फिरणारी चित्रफीत जुनी असते.

टप्पा १ : प्रश्नाचा प्रकार आधी ठरवा

या टप्प्यावर घाई करू नये. आपल्याकडे विधानसभेतील तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना आणि औचित्याचा मुद्दा हे तीन वेगळे प्रकार असतात आणि तिन्हींचे वजन वेगळे असते, हे मराठी वाचकाला ठाऊक आहे. डब्लिनमध्येही तसेच आहे, पण बातमीत सगळ्यालाच ‘प्रश्नोत्तराचा तास’ म्हटले जाते आणि घोटाळा होतो. टीशक विरोधकांना मुख्यतः पुढील प्रसंगी उत्तर देतात.

*लीडर्स क्वेश्चन्स.* विरोधी पक्षांचे आणि गटांचे नेते तातडीच्या सार्वजनिक महत्त्वाच्या विषयावर पूर्वसूचनेशिवाय विचारतात. मंगळवारी आणि बुधवारी टीशक उत्तर देतात. गुरुवारी टॉनिश्ता किंवा एखादा मंत्री. क्रमात सर्वांत मोठ्या विरोधी पक्षाचा नेता पहिला असतो. प्रत्येक नेत्याला प्रश्नासाठी ३ मिनिटे, उत्तराला ३ मिनिटे, पूरक प्रश्नाला १ मिनिट आणि पूरक उत्तराला १ मिनिट असा नियम आहे. या आठ मिनिटांच्या संवादाला एकच नोंद समजावे.

*टीशकांचे तोंडी प्रश्न.* हे लेखी सूचना देऊन विचारलेले असतात, त्यांना क्रमांक असतो आणि ते टीशकांच्या स्वतःच्या खात्याच्या कक्षेत असावे लागतात. त्यामुळे प्रश्न बहुधा ‘गृहनिर्माणावरील मंत्रिमंडळ समितीची बैठक पुन्हा कधी होणार’ अशा स्वरूपाचा दिसतो. टीशक एकाच विषयाचे अनेक प्रश्न एकत्र घेऊन तयार उत्तर वाचतात आणि त्यानंतर पूरक प्रश्नांतून मूळ विषय उघडतो. वाचलेले उत्तर कोरडे असते म्हणून ते सोडून देण्याचा मोह होतो, पण खात्याची अधिकृत भूमिका अक्षरशः तेथेच असते.

*धोरण आणि विधेयकांवरील प्रश्न.* येथे सदस्य मिनिटभरात, आश्वासन दिलेला कायदा कधी येणार किंवा सरकारच्या कार्यक्रमातील एखादा मुद्दा कुठवर आला, असे विचारतात. उत्तरे अगदी त्रोटक असतात. ‘टीशकांनी विषय झटकला’ असा निष्कर्ष या त्रोटकपणावरून काढू नये. त्यांच्याकडे वेळच तेवढा असतो.

*इतर सदस्यांचे प्रश्न.* मार्च २०२५ मध्ये नियम बदलून ही वेगळी वेळ आणली गेली. सरकारला पाठिंबा देणाऱ्या काही अपक्षांना विरोधकांच्या वेळेत बोलू द्यावे का, या वादाने जानेवारी २०२५ मध्ये टीशकांची निवडच एक दिवस लांबली होती, आणि मार्चमधील नियमबदलावरून अध्यक्षांविरुद्ध अविश्वासाचा ठराव आला, तो फेटाळला गेला. वाचकासाठी यातून निघणारी कामाची गोष्ट एवढीच : टीशकांना प्रश्न विचारणारा प्रत्येक जण विरोधक नसतो, म्हणून बाक आणि वेळ दोन्ही पाहावे.

याशिवाय मंत्र्यांना विचारलेले तोंडी प्रश्न आणि हजारोंच्या संख्येने येणारे लेखी प्रश्न असतात. त्यांची उत्तरे त्या त्या मंत्र्यांच्या नावे नोंदली जातात आणि ती टीशकांच्या तोंडी घालणे ही सरळ चूक आहे.

> सावधान : २०२० ते २०२२ मधील वराडकरांच्या उत्तरांपैकी बरीच गुरुवारची, म्हणजे टॉनिश्ता म्हणून दिलेली आहेत. त्यांवर ‘पंतप्रधान वराडकर’ असे लिहिलेले दिसले तर आधी तारीख आणि वार पाहावा.

टप्पा २ : विषयाचा आधार आधी गोळा करा

पूर्वसूचना नसली तरी विषय आभाळातून पडत नाही. सकाळच्या रेडिओवर काय गाजत आहे, कोणता अहवाल त्या आठवड्यात प्रसिद्ध झाला, कोणत्या संघटनेने संप पुकारला, यावरून नेत्यांचे प्रश्न बहुतेक वेळा ओळखता येतात. विरोधी पक्ष प्रश्नात ज्या अहवालाचा किंवा आकड्याचा उल्लेख करील, त्याचे मूळ पान आधीच उघडून ठेवावे. निम्मे काम येथेच होते, कारण दोन्ही बाजू एकच अहवाल वेगवेगळ्या पानांवरून उचलत असतात आणि ज्याने तो आधी पाहिलेला नाही त्याला दोघेही पटतात.

टप्पा ३ : ऐकताना चार रकाने आखा

वहीचे पान चार रकान्यांत विभागावे : प्रश्न, उत्तर, पूरक प्रश्न, पूरक उत्तर. पहिल्या रकान्यात नेत्याच्या तीन मिनिटांतील भाषण लिहू नये. त्यातील खरे प्रश्नवाचक वाक्य तेवढे लिहावे, आणि ते बहुधा शेवटच्या वीस-तीस सेकंदांत येते. त्याआधी एखाद्या कुटुंबाची हकिकत, सरकारवरील टीका आणि जुन्या आश्वासनांची उजळणी असते. ती महत्त्वाची असते, कारण त्या कुटुंबाचा त्रास खरा असतो. पण उत्तर जोखायचे ते प्रश्नवाचक वाक्यावरच. एका नेत्याचे दोन-तीन प्रश्न असतील तर त्यांना अ, ब, क अशी खूण द्यावी.

दुसऱ्या रकान्यात उत्तर उतरवताना त्यातील कोणता भाग अ ला, कोणता ब ला लागू होतो ते समासात लिहावे. ज्या खुणेसमोर काहीच येत नाही, ती मोकळी सोडावी. पूरक प्रश्नात विरोधी नेता बहुधा त्या मोकळ्या खुणेकडेच परततो. सगळा संवाद संपेपर्यंत कोणताही निष्कर्ष लिहू नये. हा नियम पाळायला कठीण आहे आणि तरीही तो मोडू नये, कारण स्पष्ट हो किंवा नाही अनेकदा शेवटच्या एका मिनिटातच येते.

गोंगाटाविषयी एक सूचना. बाकांवरून होणारे शेरे ध्वनिचित्रफितीत ऐकू येतात, पण अधिकृत वृत्तांतात ते सगळे उतरत नाहीत. अनेक ठिकाणी केवळ व्यत्यय आल्याची नोंद असते. एखादा शेरा कोणी मारला हे खात्रीने कळत नसेल, तर तो कोणाच्याही नावावर घालू नये.

> तपासणी : चारही रकाने भरले आहेत का? दोनच भरले असतील, तर आपल्याकडे अजून संवाद नाही, त्याचा अर्धा भाग आहे.

टप्पा ४ : उत्तराचे तुकडे वेगळे करा

बहुतेक वाचक येथे ‘उत्तर दिले’ किंवा ‘उत्तर टाळले’ असा एकच शिक्का मारून मोकळे होतात. खरे तर तीन मिनिटांच्या उत्तरात पाच-सहा वेगवेगळ्या जातीची वाक्ये असतात आणि त्यांचे वजन सारखे नसते. एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, विरोधी नेत्याने विचारले : (अ) या वर्षी किती घरे पूर्ण होतील? (ब) उद्दिष्ट गाठले जाणार नसेल, तर सरकार ते आज मान्य करील का? आणि समजा, टीशकांनी चार गोष्टी सांगितल्या : घरबांधणीसाठी आजवरचा सर्वाधिक निधी दिला आहे, बांधकाम सुरू होत असलेल्या घरांची संख्या वाढली आहे, प्रश्न विचारणाऱ्या पक्षाने अमुक गृहप्रकल्पाला स्थानिक पातळीवर विरोध केला होता, गृहनिर्माणमंत्री लवकरच नवा आराखडा मांडतील.

यातले पहिले वाक्य खर्चाविषयी आहे, घरांविषयी नाही. दुसरे सुरू झालेल्या बांधकामांविषयी आहे, पूर्ण झालेल्यांविषयी नाही. तिसरा प्रतिहल्ला आहे. तो खराही असू शकतो, पण त्याचा अ किंवा ब शी संबंध नाही. चौथे आश्वासन आहे आणि त्याला तारीख नाही. म्हणजे चारही विधाने खरी निघाली, तरी अ आणि ब या दोन्ही खुणा मोकळ्याच राहतात. अशा वेळी ‘टीशक खोटे बोलले’ असे लिहिणे अन्यायाचे आहे आणि ‘टीशकांनी सविस्तर उत्तर दिले’ असे लिहिणे दिशाभूल करणारे आहे. ‘किती घरे पूर्ण होतील आणि उद्दिष्ट चुकल्याचे मान्य आहे का, या दोन्ही प्रश्नांना थेट उत्तर आले नाही, त्याऐवजी अमुक माहिती दिली गेली’ हे वाक्य लांब आहे, पण ते दोन्ही बाजूंना न्याय देते.

तुकडे करताना पुढील जाती हाताशी ठेवाव्यात : मान्यता, नकार, तारखेसह आश्वासन, तारखेविना आश्वासन, दुसऱ्याकडे सोपवणे, पार्श्वभूमी आणि प्रतिहल्ला. ‘दुसऱ्याकडे सोपवणे’ या जातीकडे आयर्लंडमध्ये विशेष लक्ष द्यावे लागते. रुग्णालयांचा दैनंदिन कारभार आरोग्य सेवा यंत्रणा, म्हणजे एच.एस.ई. पाहते, आणि ‘हा कार्यान्वयनाचा विषय आहे’ असे म्हणून प्रश्न तिच्याकडे पाठवला जातो. लेखी प्रश्नांत तर मंत्री एवढेच लिहितात की संबंधित यंत्रणेला सदस्याला थेट कळवण्यास सांगितले आहे. त्या थेट उत्तराचा मजकूर त्या दिवशीच्या संसदीय नोंदीत नसतो, एच.एस.ई. अशी उत्तरे स्वतःच्या संकेतस्थळावर वेगळी ठेवते. ‘सरकारकडे माहितीच नाही’ असे लिहिण्याआधी तेथे पाहावे.

लीडर्स क्वेश्चन्समध्ये ‘मला तपशील पाहावा लागेल, मी सदस्यांना कळवतो’ हे वाक्य वारंवार येते. पूर्वसूचना नसल्याने ते पुष्कळदा प्रामाणिक असते. म्हणून त्याला पळवाट न म्हणता उसनवारी म्हणून नोंदवावे आणि तारीख टाकून ठेवावे. ती फेडली गेली का, हे टप्पा ७ मध्ये पाहायचे आहे.

> सावधान : तोंडी उत्तर पुरेसे आहे की नाही हे ठरवणे क्यान कोर्ला यांचे काम नाही. तोंडी उत्तरातील मजकुरावर अध्यक्षांचे नियंत्रण नसते. त्या वेळ, शिस्त आणि भाषा पाहतात. ‘अध्यक्षांनी उत्तर ग्राह्य धरले’ असे कधीही लिहू नये.

टप्पा ५ : आकडा कशाचा आहे ते विचारा

विरोधक आणि टीशक दोघेही खरा आकडा सांगतात आणि तरीही ते एकमेकांशी जुळत नाहीत, हा या सभागृहातला नेहमीचा प्रसंग आहे. तीन ठिकाणी तो हमखास दिसतो.

घरे : नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीच्या तोंडावर सरकारमधील नेते त्या वर्षी सुमारे ४०,००० घरे पूर्ण होतील असे सांगत होते. जानेवारी २०२५ मध्ये केंद्रीय सांख्यिकी कार्यालयाने प्रत्यक्ष संख्या ३०,३३० असल्याचे जाहीर केले. सरकारचे स्वतःचे त्या वर्षाचे उद्दिष्ट ३३,४५० होते. अंदाज, उद्दिष्ट आणि मोजणी हे तीन आकडे एकाच वाक्यात मिसळले की वाचक फसतो. त्यात ‘सुरू झालेली’ आणि ‘पूर्ण झालेली’ घरे हा चौथा गुंता आहे.

बेघर : गृहनिर्माण खात्याच्या मासिक अहवालात सरकारी निधीतील तात्पुरत्या निवाऱ्यात राहणारेच मोजले जातात. रस्त्यावर झोपणारे आणि घरगुती हिंसेमुळे आश्रयगृहात गेलेले त्यात नसतात. ‘आयर्लंडमधील एकूण बेघर’ असे त्या आकड्याला म्हणता येत नाही.

रुग्णालयातील खाटा : खाट न मिळता ट्रॉलीवर थांबलेल्या रुग्णांची मोजणी परिचारिका आणि सुईणींची संघटना वेगळी करते आणि एच.एस.ई. वेगळी करते. संघटना वॉर्डांत दाटीने जादा लावलेल्या खाटांवरील रुग्णही धरते, म्हणून तिचा आकडा मोठा येतो. विरोधक एक वापरतात, सरकार दुसरा. दोन्हींचे नाव लिहूनच आकडा द्यावा.

पैशाच्या आकड्यांत आणखी एक सवय लावून घ्यावी : ती रक्कम तरतूद आहे की प्रत्यक्ष खर्च, एका वर्षाची आहे की अनेक वर्षांची, आणि चालू सेवा टिकवण्यासाठी आहे की नव्या कामासाठी. आयरिश अर्थसंकल्पात शेवटच्या दोन गोष्टी वेगळ्या दाखवलेल्या असतात, पण सभागृहातील उत्तरात त्यांची बेरीजच सांगितली जाते. मराठीत लिहिताना एक बिलियन म्हणजे एक अब्ज, शंभर कोटी, हे जपून उतरवावे. कोटी आणि अब्ज यांच्यातील दोन शून्यांची चूक सगळ्या लेखाची विश्वासार्हता घालवते.

टप्पा ६ : अधिकृत वृत्तांताशी पडताळा

संसदेच्या संकेतस्थळावर चर्चेचा लिखित वृत्तांत आणि चित्रफीत दोन्ही मिळतात. सध्याच्या बैठकीचा मजकूर सहसा त्याच दिवशी टप्प्याटप्प्याने दिसू लागतो. शोधताना तारीख टाकावी आणि मग उपशीर्षक पाहावे. ज्या भागावर नेत्यांच्या प्रश्नांचे शीर्षक आहे तो पूर्वसूचनेविना झालेला संवाद, आणि ज्यावर नुसते ‘क्वेश्चन्स’ आहे व क्रमांक दिले आहेत, ते टीशकांचे सूचित प्रश्न. शीर्षके आधी आयरिश भाषेत आणि मग इंग्रजीत असतात, त्यामुळे पहिल्या ओळीने गोंधळून जाऊ नये. कोणी आयरिश भाषेत बोलले असेल, तर वृत्तांतात ते आयरिशमध्येच राहते, त्याचा इंग्रजी अनुवाद शेजारी नसतो. तेवढा भाग यंत्रानुवादावर विसंबून अवतरणचिन्हांत घालू नये.

वृत्तांत आणि चित्रफीत शब्दशः जुळतीलच असे नाही. बोलण्यातील पुनरुक्ती आणि अडखळणे लिहिताना काढले जाते. शब्दाशब्दावरून वाद असेल, तर दोन्ही पाहावीत आणि आपण कशावरून उद्धृत करतो ते सांगावे.

> तपासणी : तारीख, वार, बोलणाऱ्याचे त्या दिवशीचे पद आणि प्रश्नाचा प्रकार या चार गोष्टी नोंदीच्या पहिल्या ओळीत आहेत का?

टप्पा ७ : पुढचे काही दिवस मागोवा घ्या

हा टप्पा जवळजवळ सगळे जण गाळतात, आणि माझ्या मते सर्वांत मोठी चूक तीच आहे. सभागृहातील उत्तर त्या दिवशी संपत नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये न्यायखात्यातील जुन्या ई-मेलांवरून वराडकरांना प्रश्न विचारले गेले आणि त्यांनी आधी न्यायमंत्री असलेल्या टॉनिश्ता फ्रान्सेस फिट्झगेराल्ड यांची बाजू मांडली. त्यानंतर खात्यातून मे २०१५ मधील एक ई-मेल पुढे आला, आणि वराडकरांना सभागृहात येऊन आपण आधी दिलेली माहिती अपुरी होती हे सांगावे लागले. २८ नोव्हेंबर २०१७ रोजी फिट्झगेराल्ड यांनी राजीनामा दिला. या प्रकरणाचा पाठपुरावा विरोधी सदस्याच्या चिकाटीच्या लेखी प्रश्नांतून झाला होता. सभागृहातील गडगडाट नंतर आला. ज्याने पहिल्या दिवसाचे उत्तर टिपून वही मिटली, त्याच्याकडे चुकीची नोंद राहिली.

म्हणून निदान दोन आठवडे तीन गोष्टी पाहाव्यात : त्याच विषयावर लेखी प्रश्न आले का आणि त्यांना काय उत्तर मिळाले, टीशकांनी किंवा मंत्र्यांनी सभागृहात दुरुस्ती केली का, आणि ‘कळवतो’ म्हटलेले खरोखर कळवले गेले का. दुरुस्ती झाली असेल, तर आपली जुनी नोंद पुसून टाकू नये. तिच्याखाली तारखेसह नवी ओळ जोडावी.

टप्पा ८ : मराठीत लिहिताना

क्रियापद उत्तराच्या जातीवरून निवडावे. पार्श्वभूमीसाठी ‘सांगितले’, मान्यतेसाठी ‘मान्य केले’, तारखेसह आश्वासनासाठी ‘आश्वासन दिले’, तारखेविना असेल तर ‘विचार करू असे म्हटले’. ‘कबुली दिली’, ‘खडसावले’, ‘बोलती बंद केली’ ही क्रियापदे बातमीला धार देतात आणि नोंदीतला अर्थ कापून काढतात. सभागृहात एका सदस्याला दुसऱ्याला खोटारडा म्हणता येत नाही, तेव्हा विरोधी नेत्याने वापरलेल्या आडवळणाच्या शब्दांचे मराठीत सरळ ‘खोटे बोलता’ असे भाषांतर करणे म्हणजे त्याने जे म्हटले नाही ते त्याच्या तोंडी घालणे होय.

आयरिश राज्यघटनेच्या १५ व्या अनुच्छेदाने सदस्यांना सभागृहातील बोलण्याबद्दल संरक्षण आहे. आपण त्याला आपल्या पदरचा आरोप जोडला, तर त्या जोडलेल्या आरोपाला ते संरक्षण लागू होत नाही. सभागृहाबाहेरच्या व्यक्तींची नावे घेऊ नयेत, असा तेथील संकेत आहे; एखाद्या सदस्याने तो मोडला, तरी आपण ते नाव पसरवू नये.

आयर्लंडमध्ये राहत असाल तर : स्वतःचा प्रश्न सभागृहात पोहोचवणे

डॉलच्या निवडणुकीत आयरिश आणि ब्रिटिश नागरिकांनाच मतदान करता येते. स्थानिक निवडणुकीत मात्र नोंदणी केलेला कोणताही रहिवासी मत देऊ शकतो. मत नसले तरी प्रश्न पोहोचवण्याचा मार्ग मोकळा आहे, कारण प्रत्येक मतदारसंघातून तीन ते पाच टी.डी. निवडून येतात आणि त्यांपैकी कोणाच्याही कार्यालयाला लिहिता येते. एकाकडून उत्तर आले नाही, तर दुसऱ्याला लिहावे.

पत्र पाठवताना तीन चुका टाळाव्यात. पहिली, टीशकांनाच विचारा असा आग्रह धरणे. परवाने, रुग्णालये, शाळाप्रवेश हे विषय संबंधित मंत्र्याकडे लेखी प्रश्न म्हणून गेले तर लवकर आणि नेमके उत्तर मिळते, सामान्यतः काही बैठक-दिवसांतच. दुसरी, लांबलचक हकिकत लिहून प्रश्न न लिहिणे. शेवटी एकच वाक्य द्यावे, ज्यात कोणती माहिती हवी, कोणत्या कालावधीची हवी आणि शक्य असल्यास कोणत्या जिल्ह्यासाठी हवी ते स्पष्ट असेल : उदाहरणार्थ, अमुक प्रकारच्या अर्जांना गेल्या १२ महिन्यांत निर्णयासाठी सरासरी किती काळ लागला, महिनावार. तिसरी, मुलांची नावे, पासपोर्ट किंवा अर्जाचा क्रमांक प्रश्नाच्या मजकुरात घालणे. संसदीय प्रश्न आणि उत्तर दोन्ही कायमचे सार्वजनिक होतात. व्यक्तिगत तपशील हवाच असेल, तर तो टी.डी. यांच्या कार्यालयाला वेगळ्या पत्रात द्यावा. उत्तर आल्यावर त्याचा क्रमांक आणि तारीख लिहून ठेवावी, म्हणजे पुढच्या पत्रात त्याच क्रमांकाचा दाखला देऊन राहिलेला भाग विचारता येतो.